वापरलेल्या पर्सचा वास घालवायचा कसा

वापरलेली पर्स घेताना आपण चेन ओढून बघतो, पट्ट्याची शिवण तपासतो, कोपरे झिजलेत का ते पाहतो. वास मात्र घेत नाही. भर बाजारात पर्समध्ये नाक खुपसायला संकोच वाटतो, आणि ऑनलाइन मागवली तर तो प्रश्नच येत नाही. मग पार्सल घरी येतं, चेन उघडते आणि आतल्या खोलीतून कोणीतरी विचारतं, ‘कसला वास येतोय गं?’

अशा वेळी पहिला हात जातो तो डिओच्या बाटलीकडे. तो आवरा. मूळ वास आहे तिथेच राहतो, वर डिओचा बसतो, आणि तो डिओ अस्तरातून काढायला मूळ वासाइतकाच त्रास होतो. खायचा सोडा, कोळसा, व्हिनेगर, कॉफी, ऊन ही उपायांची यादी सगळ्यांना तोंडपाठ असते. यादी तशी चुकीची नाही. पण कुठल्या वासाला काय चालतं हे ती सांगत नाही, आणि नवखी माणसं सगळंच एकापाठोपाठ एक करून बघतात. वास जात नाही आणि चामडं मात्र तडकतं. वास कसला आहे आणि तो पर्सच्या कुठल्या भागात आहे, या दोन गोष्टी कळल्या की निम्मं काम झालं.

घेण्याआधीच हुंगा

चोर बाजारातली असो, जुन्या बाजारातली असो की इन्स्टाग्रामवरच्या थ्रिफ्टवालीकडची, पर्स हातात मिळाली की चेन पूर्ण बंद करा आणि पाचेक मिनिटं तशीच राहू द्या. तोवर भावाची घासाघीस करा. मग चेन थोडीशीच उघडून लगेच वास घ्या. दिवसभर उघडी टांगलेली पर्स हुंगून काही कळत नाही, तिचा वास वाऱ्यावर गेलेला असतो.

दुसरं, आतल्या कप्प्यांच्या तळाशी बोट फिरवा. बोटाला चिकट लागलं किंवा काळपट पापुद्रे आले तर पर्स खाली ठेवून पुढे चला; कारण खाली येईलच. तिसरं, पर्सचा तळ दोन्ही हातांनी हलकेच वाकवून बघा. आतला पुठ्ठा ताठ हवा. तो पिचपिचीत लागला तर पर्स कधीतरी चांगली भिजलेली आहे.

ऑनलाइन घेताना ‘वास येतो का?’ असं विचारू नका. सगळे नाहीच म्हणतात, आणि बरेचदा ते खोटंही बोलत नसतात. रोजच्या वासाला नाक सरावतं, आपल्या घरचा वास आपल्याला येत नाही. त्याऐवजी नेमकं विचारा: घरात कोणी सिगारेट ओढतं का? पर्स कपाटात डांबर गोळ्यांबरोबर होती का? गेला पावसाळा ती कुठे होती?

चामडं, रेक्झिन की कापड?

उपाय ठरतो तो यावर. ओळखण्यासाठी पट्ट्याची कड किंवा बक्कलच्या भोकाची आतली बाजू बघा. चामड्याच्या कापलेल्या कडेला बारीक तंतू दिसतात. रेक्झिनला वर प्लास्टिकचा पातळ थर आणि खाली विणलेलं कापड दिसतं. कड रंगवलेली असेल तर आतल्या खिशाच्या टोकाशी किंवा शिवणीच्या मागे बघावं लागतं. ‘जेन्युइन लेदर’ या शिक्क्यावर मी तरी जात नाही.

चामड्याला एवढं जपायचं कशासाठी? कमावलेलं चामडं किंचित आम्लधर्मी असतं, त्याचा पीएच साधारण ३.५ ते ५ असतो. खायचा सोडा अल्कधर्मी, पाण्यात त्याचा पीएच ८ च्या थोडा वर जातो. ओलसर सोडा चामड्यावर राहिला तर चामडं कोरडं, राठ पडतं आणि रंगही उडतो. म्हणून चामड्यावर थेट सोडा नको. धुण्याचा सोडा तर अजिबातच नको; तो खायच्या सोड्यापेक्षा कितीतरी तीव्र असतो, आणि किराणा दुकानात नुसतं ‘सोडा’ मागितलं की कधीकधी तोच हातात पडतो. पुडी नीट वाचून घ्या.

सुती किंवा कॅनव्हासच्या पर्सची फार चिंता नको. बक्कल, कड्या काढता येत असतील तर काढा, कोमट पाण्यात सौम्य साबण घालून हातानं धुवा आणि उलटी करून वाळवा. पुढचं सगळं मुख्यतः चामडं आणि रेक्झिनबद्दल आहे.

आधी रिकामी करा, खरोखरच रिकामी

पर्स उलटी करून झटकली म्हणजे रिकामी झाली असं नाही. गॅलरीत किंवा अंगणात जुना पेपर पसरा, सगळ्या चेन उघडा आणि अस्तर चिमटीत धरून बाहेर ओढा. बहुतेक पर्सचं अस्तर फक्त तोंडाशी शिवलेलं असतं, त्यामुळे ते मोज्यासारखं उलटं होतं. आता तळाचे दोन कोपरे बघा. बडीशेप, तिकिटाचे लगदे, टिकलीचं पाकीट, वितळून पुन्हा घट्ट झालेली लिमलेटची गोळी, बामच्या झाकणातला पिवळा थर. कितीतरी पर्सचा ‘कसलातरी विचित्र वास’ या दोन कोपऱ्यांत बसलेला असतो आणि जुन्या दातांच्या ब्रशनं जातो. व्हॅक्यूम क्लीनर असेल तर नळीच्या तोंडावर जुना पातळ मोजा ताणून लावा आणि कोपरे ओढून घ्या. नसेल तर चिकटपट्टी बोटांना उलटी गुंडाळून टिपत जा.

मग अस्तर पुसायचं. धुवायचं नाही, पुसायचं. कारण अस्तराच्या मागे फोम आणि पुठ्ठा असतो. त्यात पाणी गेलं की आठवडाभर वाळत नाही आणि आधी नसलेला कुबट वास नव्यानं सुरू होतो. वाटीभर पाण्यात लहान मुलांच्या शॅम्पूचे दोन-तीन थेंब टाका आणि ताक घुसळायच्या छोट्या रवीनं भरपूर फेस काढा. पांढऱ्या सुती फडक्यावर फक्त वरचा फेस घ्या, खालचं पाणी नाही. त्यानं अस्तर पुसत जा आणि फडकं मळलं की घडी बदला. फडकं पांढरं असलं की काय निघतंय ते दिसतं: तपकिरी म्हणजे मेकअप किंवा धूळ, पिवळं म्हणजे बहुतेक सिगारेट, निळं म्हणजे पेन फुटलं होतं. शेवटी साध्या पाण्यात घट्ट पिळलेल्या फडक्यानं पुसा आणि अस्तर बाहेर काढलेल्या अवस्थेतच पंख्याखाली निदान एक दिवस वाळू द्या.

अस्तर बाहेर येत नसेल तर ते तळाला चिकटवलेलं आहे. ओढू नका, आत हात घालूनच पुसा. आणि फेस काय, पुढे येणारं व्हिनेगर काय, आधी न दिसणाऱ्या जागी थोडं लावून, वाळू देऊन रंग बदलतो का ते बघायचंच.

हे झाल्यावर पर्स एक रात्र बंद करून ठेवा आणि सकाळी उघडून वास घ्या. आता उरला आहे तो खरा वास.

कुबट वास

आपल्याकडे सगळ्यांत जास्त सापडतो तो हा. हा बुरशीचा वास. हवेतली आर्द्रता सतत ६५-७० टक्क्यांच्या वर राहिली की बुरशी वाढते, आणि मुंबईत, कोकणात, गोव्यात जुलै-ऑगस्टमध्ये ती ८० च्या पुढेच असते. बुरशीला पर्समध्ये खायला भरपूर असतं: सुती अस्तर, पुठ्ठा, पुठ्ठा चिकटवायची खळ, पट्ट्यावर बसलेलं हाताचं तेल आणि घाम. दिसायला पांढरट किंवा हिरवट ठिपके असतात, कधी नुसतीच पीठ उडाल्यागत झाक. काही वेळा काहीच दिसत नाही आणि वास मात्र येतो. अशा वेळी बुरशी अस्तराच्या मागे असते.

बुरशी मेली तरी तिनं सोडलेला वास राहतो, म्हणून नुसती मारून भागत नाही, काढावी लागते. क्रम असा ठेवा. पर्स आधी पूर्ण कोरडी होऊ द्या; ओली बुरशी पुसली तर ती पसरते. मग नाकाला मास्क लावून, घराबाहेर, मऊ ब्रशनं ठिपके झाडा. घरात कोणाला दमा असेल तर हे काम पंख्याखाली किंवा हॉलमध्ये करू नका. झाडून झाल्यावर पांढरं व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घ्या, फडकं त्यात बुडवून घट्ट पिळा आणि चामडं पुसा. किराणा दुकानातलं चायनीजसाठीचं पांढरं व्हिनेगर चालतं, त्यात साधारण ४ टक्के अ‍ॅसेटिक आम्ल असतं. तपकिरी व्हिनेगर नको, डाग पडतो. व्हिनेगरचा स्वतःचा वास वाळल्यावर एक-दोन दिवसांत उडतो. अस्तर सुती किंवा पॉलिस्टरचं असेल तर व्हिनेगरऐवजी ७० टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल फडक्यावर घेऊन पुसा. हे चामड्याला लागू देऊ नका, वरची चकाकी निघते. आणि गॅस किंवा देवासमोरचा दिवा चालू असलेल्या खोलीत तर हे करूच नका.

ब्लीच वापरू नका. चामडं त्यानं कडक होऊन तडकतं. शिवाय ब्लीच आणि व्हिनेगर एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो, तो छातीला घातक.

आता उन्हाबद्दल. पावसाळा संपला की आपण गाद्या, गोधड्या, ठेवणीतल्या साड्या बाहेर काढतो, त्यातच पर्स काढायला हरकत नाही. ऑक्टोबरची कोरडी हवा कुबट वासावर इतर कशाहून जास्त काम करते. पण चामड्याला सकाळचं कोवळं ऊन, तेही अर्धा-पाऊण तास, अस्तर बाहेर काढून. दुपारच्या उन्हात चामडं सुकून आखडतं, रेक्झिन मऊ पडतं, गडद रंग विटतो. नंतर दिवसभर वाऱ्याशीर सावलीत टांगून ठेवा. भर पावसाळ्यात कुबट पर्स हातात पडली तर एसी असलेल्या खोलीत ठेवा. तीही सोय नसेल तर पर्स कोरडी पुसून, ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसह डब्यात बंद करा आणि खरी साफसफाई उघडीप मिळाल्यावर करा. पागोळ्या गळत असताना गॅलरीत टांगलेली पर्स वाळत नाही, उलट ओलावा घेते.

सिगारेटचा

सिगारेटचा धूर अस्तरात, चामड्यावर, कड्यांवर, अगदी चेनच्या दातांवर चिकट पिवळसर थर करून बसतो, त्यामुळे नुसत्या हवेनं जात नाही. थर पुसूनच काढावा लागतो. निकोटिन अल्कधर्मी असतं म्हणून इथे सोड्यापेक्षा व्हिनेगर बरं पडतं. वरच्याच प्रमाणात, घट्ट पिळलेल्या फडक्यानं, पर्सचा प्रत्येक भाग: बाहेरून, आतून, पट्टा, पट्ट्याची खालची बाजू, बक्कल. लोक पट्टा विसरतात आणि मग ‘सगळं केलं तरी वास येतो’ म्हणतात. फडकं पिवळं येणं थांबेपर्यंत एक दिवसाआड करत राहा, एकाच बैठकीत पर्स भिजवू नका. त्यानंतर कोळशाचा डबा, त्याचं पुढे सांगते. हा वास जायला महिनाही लागू शकतो. फोममध्ये मुरला असेल तर दमट दिवशी थोडा परत येतोच.

डांबर गोळ्यांचा

आजीच्या, मावशीच्या गोदरेजच्या कपाटातून आलेल्या पर्सना हा ठरलेलाच. तरी यातल्या त्यात सोपा. या गोळ्यांतलं नॅफ्थलिन साध्या तापमानालाच हवेत उडत असतं, गोळ्या कपाटात झिजत जातात त्या त्यामुळेच. म्हणजे पर्स बंद करून ठेवली तर वास आतच फिरत राहतो आणि उघडी ठेवली तर आपोआप निघून जातो. सगळ्या चेन उघड्या, अस्तर बाहेर, आणि खिडकीजवळ वाऱ्यावर. पुसापुशी फारशी लागत नाही. दोन-तीन आठवडे धीर धरा.

एक मात्र आधी करा: प्रत्येक खिसा तपासून गोळीचा उरलेला तुकडा काढून टाका. वाटाण्याएवढा तुकडा आत राहिला तर तुमची सगळी मेहनत वाया. आणि वास पुरता जाईपर्यंत ही पर्स तान्ह्या बाळाच्या सामानाची पिशवी म्हणून वापरू नका. काही मुलांमध्ये जन्मतःच जी-६-पीडी या विकराची (एन्झाइमची) कमतरता असते, त्यांच्या तांबड्या रक्तपेशी नॅफ्थलिननं फुटू शकतात. घरात अशी कमतरता ठाऊक असेल तर डांबर गोळ्या कपाटातूनच काढून टाका.

अत्तराचा

पहिल्या मालकिणीनं पर्समध्ये बाटली सांडवलेली असते. वरवरचा सुगंध कधीच उडालेला असतो, मागे उरतो तो कस्तुरीसारखा जड, तेलकट भाग. कापडी अस्तर असेल तर अल्कोहोलच्या फडक्यानं टिपा, घासू नका. चामड्यावर सांडलं असेल तर फार काही करता येत नाही. कोळसा आणि वेळ.

मासळी, दूध, डबा

मुंबईच्या लोकलमध्ये फिरलेल्या पर्सना डब्याचा इतिहास असतो. मासळीच्या वशाट वासाला कारण ट्रायमिथिलअमाइन, आणि ते अल्कधर्मी. बोंबील साफ केल्यावर हाताला लिंबू चोळतो ते यासाठीच. त्यामुळे इथे व्हिनेगर. सोडा इथे निरुपयोगी. लिंबू पर्सला मात्र चोळू नका, त्यातली साखर आणि गर आत राहून नवी भानगड होते.

दूध, दही, ताक सांडलेल्या पर्सचा वास आंबूस आणि खवट असतो. तो आम्लांचा असतो, म्हणून खायच्या सोड्याचा खरा उपयोग इथे. अस्तर कापडी असेल तर आधी गार पाण्याच्या फडक्यानं पुसा. गरम पाण्यानं दुधातली प्रथिनं कापडात घट्ट बसतात. मग वाळल्यावर डागावर सोडा भुरभुरवा, रात्रभर ठेवा, सकाळी व्हॅक्यूमनं किंवा ब्रशनं पूर्ण काढा. पांढरी पूड कोपऱ्यात राहू देऊ नका, पुढे ओल लागली की ती चामड्याला लागते. यानंही भागलं नाही तर एन्झाइम असलेलं क्लीनर घ्या, पाळीव प्राण्यांच्या दुकानात मिळतं. मांजरानं पर्सवर कारभार केला असेल तर दुसरा उपाय नाहीच. पण हे विकर प्रथिनं फोडतात, आणि चामडं, रेशीम, लोकर ही सगळी प्रथिनंच. तेव्हा फक्त सुती किंवा पॉलिस्टर अस्तरावर.

चामड्याचाच वास

झाडांच्या सालींनी कमावलेल्या चामड्याला स्वतःचा गोडसर, मातकट वास असतो. कोल्हापुरी चपलेला असतो तो. हा दोष नव्हे, वापरानं सौम्य होतो. राजस्थानच्या सहलीवरून आणलेल्या काही चामडी झोळ्यांना मात्र जनावराचा उग्र दर्प असतो आणि पाणी लागलं की तो वाढतो. कातडं नीट कमावलेलंच नाही असा त्याचा अर्थ. महिनाभर हवेवर ठेवून आणि कोळसा घालून बघा, फरक पडला नाही तर नाद सोडा.

चिकट अस्तर

सुरुवातीला म्हटलं होतं ते हे. रेक्झिनवरचा पॉलियुरेथेनचा थर दमट हवेत वर्षानुवर्षं राहिला की पाण्याच्या वाफेनंच तुटत जातो: आधी चिकट, मग पापुद्रे, आणि बरोबर एक आंबट, प्लास्टिकसारखा वास. महागड्या परदेशी बनावटीच्या १९८० आणि १९९० च्या दशकांतल्या काही बॅगांच्या आतल्या खिशांनाही हा रोग लागतो, म्हणून नाव बघून भुलू नका. पावडर लावून चिकटपणा चार दिवस लपतो, विकणारे तेच करतात. थर मुळातच विघटित होतोय, त्यावर घरगुती उपाय नाही. फक्त खिशाचं अस्तरच तसं असेल आणि बाहेरचं चामडं उत्तम असेल तर अस्तर बदलून घ्या.

कोळशाचा डबा

पुसून, वाळवून झाल्यावर उरलेला वास ओढून घ्यायला याच्यासारखं दुसरं काही नाही. अ‍ॅक्टिव्हेटेड चारकोल घ्या. त्यात इतकी सूक्ष्म छिद्रं असतात की एका ग्रॅमचं आतलं क्षेत्रफळ ५०० चौरस मीटरहून जास्त भरतं, आणि वासाचे रेणू त्या छिद्रांत अडकतात. शेगडीचा कोळसा थोडंफार काम करतो, पण तेवढं नाही. माशांच्या टाक्या विकणाऱ्या दुकानात फिल्टरसाठीचे काळे दाणे मिळतात, ते स्वस्त पडतात आणि पूड कमी उडते.

घट्ट झाकणाचं मोठं प्लास्टिकचं खोकं घ्या. मूठ-दीड मूठ दाणे जुन्या सुती रुमालात बांधून पुरचुंडी करा, तीही दुहेरी कापडात, नाहीतर फिकट अस्तरावर काळे ठिपके उमटतील. एक पुरचुंडी पर्समध्ये, दोन बाहेर, पर्सच्या सगळ्या चेन उघड्या, झाकण बंद. आठवडाभर उघडू नका. मग बघा आणि लागलं तर दाणे बदलून आणखी एक आठवडा. पर्स ओलसर असताना मात्र खोक्यात टाकू नका, बंद हवेत बुरशी पुन्हा धरेल.

कॉफी पावडर, वेखंड, लवंगा, कापूर यांच्याबद्दल विचारतात. कसर लागू नये म्हणून कपाटात वेखंड ठेवणं चांगलंच, पण वास काढण्याचं काम यातलं कुणी करत नाही. ते आपला वास वर चढवतात. कॉफीचं तेल तर अस्तराला लागतं आणि सहा महिन्यांनी खवट होतं. फ्रीझरमध्ये पर्स ठेवण्याचा उपायही ऐकला असेल. थंडीनं बुरशी झोपते, मरत नाही. ओझोनचं यंत्र घरी आणू नका, फुप्फुसांना अपाय होतो आणि पर्समधलं रबर, इलॅस्टिक ठिसूळ होतं.

चामड्याला पुन्हा तेल-पाणी

व्हिनेगरनं पुसलेलं चामडं कोरडं पडतं. वास गेल्यावर, आधी नाही, बूट-बॅगांच्या दुकानातलं लेदर कंडिशनर अगदी थोडं, फडक्यावर घेऊन लावा आणि अर्ध्या तासानं जास्तीचं पुसून टाका. वास असतानाच लावलं तर तो आत कोंडला जातो. घरात हाताशी असलेलं खोबरेल तेल लावायचा मोह होईल. लावू नका. चामडं काळवंडतं, तेल पुढे खवट होतं आणि पुढच्या पावसाळ्यात बुरशीला आयती मेजवानी. स्वेडला, म्हणजे मखमली पोताच्या चामड्याला, कंडिशनर लागत नाही, मऊ ब्रश पुरे.

अस्तरच बदला

सगळं करूनही वास येत असेल तर तो फोममध्ये किंवा पुठ्ठ्यात आहे. हे घरी तपासता येतं. पर्स शिवताना ती सुलटी करण्यासाठी अस्तरात एक फट ठेवतात आणि शेवटी वरून शिवण मारून बंद करतात. बऱ्याचदा ती आतल्या चेनच्या खिशाच्या तळाशी असते. तिथली शिवण इतर शिवणींपेक्षा वेगळी, काठावरून सरळ मारलेली दिसते. चार-पाच टाके उसवून आत बोट घाला, फोमचा कण चिमटीनं काढा आणि त्याचा वास घ्या. उत्तर मिळेल.

मग पर्स घेऊन बॅग दुरुस्त करणाऱ्याकडे जा. चपला शिवणारे काका छोटी पर्स करून देतात, मोठ्या बॅगेला बॅगवालाच बरा. त्यांना स्पष्ट सांगा: ‘अस्तर, फोम आणि तळाचा पुठ्ठा, तिन्ही बदला.’ नुसतं अस्तर म्हटलं तर जुन्या पुठ्ठ्यावरच नवं कापड चढतं आणि पंधरा दिवसांत वास हजर. कापड स्वतः नेलं तर उत्तम: सुती ड्रिल किंवा जाड पॉपलीन, आधी धुऊन, खळ काढून, इस्त्री करून. खणाचं अस्तर फार देखणं दिसतं, पण तेही आधी पाण्यातून काढा, नाहीतर पर्सचा रंग बदलेल. मजुरी आधी ठरवून घ्या आणि ती पर्सच्या किमतीपेक्षा जास्त होत असेल तर पर्स खरंच तेवढी आवडते का ते स्वतःला विचारा. आईची असेल तर हिशेब करू नका.

वास गेला की नाही ते आपल्या नाकावर सोडू नका. इतके दिवस हुंगून ते सरावलेलं असतं. स्वच्छ धुतलेला, बिनवासाच्या साबणातला रुमाल पर्समध्ये रात्रभर बंद करा आणि सकाळी तो रुमाल दुसऱ्या कोणाला तरी हुंगायला द्या. कशातून काढला ते सांगू नका.

पुढे ठेवताना प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवू नका, जुन्या उशीच्या अभ्र्यात ठेवा. आकार राहावा म्हणून पेपरचे बोळे घालत असाल तर त्यावर पांढरं कापड गुंडाळा, फिकट अस्तराला शाई लागते. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा कपाटाचं दार उघडून पंखा लावा आणि प्रत्येक पर्समध्ये सिलिका जेलची पुडी ठेवा. सिलिका जेल ओलावा घेतं, वास नाही, तेव्हा कोळशाऐवजी ते वापरून उपयोग नाही. निळे दाणे गुलाबी झाले किंवा नारिंगी दाणे हिरवे झाले की त्यांचं पोट भरलं. निळ्या दाण्यांत कोबाल्ट क्लोराइड असतं, म्हणून ते स्वयंपाकाच्या कढईत भाजून पुन्हा वापरायच्या फंदात पडू नका. नवी पुडी घ्या.